डब्यावर आपले नाव लिहायचे की नाही?

लाडू विकून क्रांती होत नसते, असे आपल्याच एका कार्यकर्त्याने मागच्या महिन्यात ग्रुपवर लिहिले. खाली चाळीस-पन्नास अंगठे आले. दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर दुसऱ्याने लिहिले की समाज उद्योजक झाल्याशिवाय काही खरे नाही, नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा. त्यालाही तितकेच अंगठे आले, आणि बहुतेक त्याच लोकांचे. या दोन वाक्यांच्या मधे आमच्या उत्तर नागपुरातल्या वस्तीतल्या आठ बाया बसल्या आहेत. त्या शेंगदाणा, तीळ आणि जवसाचे, कर्बोदके कमी असलेले लाडू बनवतात. त्यांच्यापुढचा प्रश्न क्रांतीचा नाही आणि उद्योजकतेचाही नाही. डब्यावर कुणाचे नाव लिहायचे, एवढाच आहे.

हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. चळवळीतल्या तरुणांनी तो लहान समजून सोडून दिला म्हणून हा लेख.

झाले ते असे. पश्चिम नागपुरात 'ऑरगॅनिक' माल विकणारे एक दुकान आहे. तिथल्या मालकाला लाडू आवडला. त्याने महिन्याला ३० किलोची मागणी दिली, भाव २४० रुपये किलो. अट एकच: डबे कोरे द्यायचे. गटाचे नाव रमाईच्या नावावरून आहे, आणि पत्त्यात बुद्धविहाराचा उल्लेख आहे. दोन्ही नको. तो स्वतःचे लेबल लावणार, त्यावर 'सात्विक' हा शब्द असणार आणि किंमत ६०० रुपये किलो असणार. माणूस बोलायला अगदी मऊ. "ताई, माझे काही नाही हो. पण गिऱ्हाईक विचारते ना."

'माझे काही नाही' हे वाक्य नीट ऐका. आजची जात तृतीय पुरुषात बोलते. घरमालकाचे काही नसते, सोसायटीच्या लोकांचे असते. मुलाचे काही नसते, आईचे असते. दुकानदाराचे काही नसते, गिऱ्हाइकाचे असते. आणि गिऱ्हाइकाला गाठून विचारले तर तो शेजाऱ्याकडे बोट दाखवील. जात पाळणारा माणूस कुणालाच कधी भेटत नाही, जात मात्र सगळीकडे पाळली जाते.

आता ग्रुपवरचे म्हणणे. एक बाजू म्हणाली, पोट आधी, नाव नंतर. कोरे डबे द्या आणि पैसे घ्या. दुसरी बाजू म्हणाली, असला धंदाच नको, सवर्णांच्या डायटसाठी आपल्या बायांनी लाडू का वळायचे? माझे म्हणणे दोघांच्याही विरुद्ध आहे. लाडू वळायचे, विकायचे, आणि आपल्या नावानेच विकायचे. शिवाय डब्यात काय आहे तेही खरे लिहायचे. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची का, ते पुढे सांगते.

आधी इतिहास, कारण हा प्रश्न आमच्या गटाने शोधून काढलेला नाही. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंची हकीकत आपल्याला पाठ असते, पण तिचा अर्थ आपण अर्धाच घेतो. गंगाराम शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या लोकांनाही घ्यायला लावू लागले. ही गोष्ट आपण महाराजांच्या मोठेपणासाठी सांगतो, ते ठीकच आहे. पण त्यांनी काय केले नाही, तेही बघा. 'गंगाराम, पाटीवर दुसऱ्याचे नाव टाक, गिऱ्हाईक आपोआप येईल' असे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी पाटी तशीच ठेवली आणि गिऱ्हाईक बदलायला लावले.

बाबासाहेबांचाही अनुभव हाच. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, सल्ला उत्तम. सल्लागार कोण आहे हे कळल्यावर माणसे यायची बंद झाली. त्यात तर खायचे-प्यायचेही काही नव्हते, नुसते आकडे होते.

'हे जुने झाले' म्हणणाऱ्यांसाठी अलीकडचे. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. स्वयंपाकीण ब्राह्मण नसून मराठा निघाली, तिने जात लपवली आणि आपले सोवळे मोडले, ही ती तक्रार. पोलिसांनी गुन्हाही नोंदवून घेतला. गदारोळ झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. म्हणजे विज्ञान शिकलेल्या घरात गौरी-गणपतीच्या स्वयंपाकाला मराठा बाईचा हातसुद्धा चालत नाही. तिथे आपला कुठून चालणार? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले, आणि आधी कामावरून गेली ती स्वयंपाकीण. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या ढाब्यांनी, गाडीवाल्यांनी मालकाचे नाव ठळक लिहावे, असे फर्मान मुझफ्फरनगरच्या पोलिसांनी काढले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली. अन्न कोणते ते सांगा, नाव सांगायची सक्ती नको, असा त्या आदेशाचा आशय होता.

इथे कुणी मला अडवील. तिथे नाव लिहायला विरोध आणि इथे नाव लिहायचा आग्रह, हे कसे? सरळ आहे. सरकारने नाव लिहायला लावले ते लोकांनी टाळावे म्हणून. दुकानदार नाव पुसायला लावतो तेही लोक टाळतात म्हणूनच. दोन्ही ठिकाणी आपल्या नावाचे काय करायचे हे दुसराच ठरवतो. आपण ठरवून लिहिलेले नाव ही वेगळी गोष्ट आहे.

आणि गोड पदार्थच का? बाया पापड करतात, मसाले करतात, पिशव्या शिवतात, तेव्हा हा प्रश्न इतका टोकदार होत नाही. समाजशास्त्राच्या एम.ए.ला कच्चे आणि पक्के अन्न शिकवतात. पाण्यात शिजवलेले ते कच्चे, ते फक्त आपल्या किंवा वरच्या जातीकडून घ्यायचे. तुपात तळलेले, परतलेले ते पक्के, ते जरा खालच्याकडूनही चालते. म्हणून मिठाई जातीच्या कुंपणावरून बऱ्याच दूर जाते, म्हणून हलवायाचा धंदा उभा राहतो. पण हे सगळे चालते-न चालते अस्पृश्याच्या दारापर्यंत येऊन थांबते. त्याच्या हातचे कच्चेही नाही आणि पक्केही नाही. त्यातून लाडू म्हणजे नैवेद्य, लाडू म्हणजे बाळंतिणीचा खुराक, लाडू म्हणजे पास झाल्याचे तोंड गोड. गोड पदार्थ देवाणघेवाणीचा असतो, आणि देवाणघेवाणीतच जात मोजली जाते.

'हेल्दी' पदार्थांच्या नव्या बाजाराने यातले काही मोडले असेल असे वाटत होते. कर्बोदकांना काही जात नसते. पण त्या बाजाराची भाषा वाचा. सात्विक. शुद्ध. पारंपरिक. घरगुती. आजीच्या हातचे. कायद्याने मागितलेला हिरवा ठिपका सगळ्यांच्या पाकिटावर असतो, तेवढ्याने यांचे भागत नाही. यांना आणखी एक ठिपका हवा असतो, जो छापता येत नाही पण शब्दांतून दाखवता येतो. आणि आजी कुणाची? माझी आजी जवस भाजून, मीठ-मिरची घालून कुटायची आणि भाकरीबरोबर द्यायची. आज तेच जवस 'सुपरफूड' म्हणून काचेच्या बरणीत बसले आहे, बरणीवर नऊवारी नेसलेली, कपाळाला चंद्रकोर लावलेली आजी छापली आहे, आणि ती माझी आजी नक्की नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ज्यांनी वाचले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. मराठी खाद्यसंस्कृती म्हणून जे दाखवले जाते त्यात आपली चूल कुठेच नसते.

आता 'सवर्णांच्या डायटसाठी लाडू' या आक्षेपाकडे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा वस्तीतल्या आशाताईंबरोबर घरोघर फिरावे. मधुमेह हा बंगल्यातला आजार आहे ही समजूत कधीच खोटी ठरली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये पुढे आले की भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांतून येतो. आपल्या ताटात हे कसे दिसते? रेशनचा तांदूळ, रेशनचा गहू. जानेवारी २०२३ पासून माणशी महिना पाच किलो धान्य फुकट आहे, आणि ते असावेच, त्याने भूक भागते. पण त्यासोबत डाळ विकत आणायची तर हात आखडतो. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, त्यात बुडवायला बिस्किट. कामावरून येताना समोसा किंवा आलुबोंडा. यात प्रथिने कुठे आहेत? स्वस्तातले एक प्रथिन होते, बडे. मार्च २०१५ मध्ये या राज्याने बैलाच्या मांसावरही बंदी घातली आणि ते ताटातून काढून घेतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आले, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा सरकारने थांबवला. म्हणजे आधी स्वस्त प्रथिन धर्माच्या नावाने काढून घ्यायचे, मग पोट भाताने भरायचे, आणि मग शुगर वाढली की 'तुम्ही लोक खाण्यावर ताबा ठेवत नाही' म्हणायचे.

स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटची वर्षे त्यांनी त्या आजाराशी झगडत काढली, आणि त्याच वर्षांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. जयंतीला आपण त्यांच्या फोटोसमोर बुंदी वाटतो. वाटू नये असे मी म्हणत नाही. पण वस्तीत इन्सुलिन घेणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्यापलीकडे गेली असताना त्यांना खाता येईल असा गोड घास आपण आपल्या हाताने बनवला, तर ते काम सवर्णांच्या डायटचे होत नाही. पहिले गिऱ्हाईक आपल्याच गल्लीत आहे.

मात्र म्हणूनच डब्यात काय आहे ते खरे सांगायची जबाबदारी वाढते. या बाजारात खोटे फार आहे. 'शुगर फ्री लाडू' म्हणून जे विकले जाते त्यात निम्म्याहून अधिक खजूर असतो. १०० ग्रॅम खजुरात सत्तरीच्या आसपास कर्बोदके असतात, आणि ती जवळजवळ सगळी साखरच. गुळात ती ८५ ग्रॅमच्या वर. गूळ काळा असला, सेंद्रिय असला, कोल्हापूरचा असला तरी रक्तात गेल्यावर त्याची साखरच होते. कुणी माल्टिटॉल घालते. ते साखर म्हणून मोजत नाहीत, पण त्यानेही रक्तातली साखर चढते आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडते. एरिथ्रिटॉलने साखर चढत नाही, पण ते महाग, खाल्ल्यावर तोंडाला गार लागते, आणि त्याचा साखरेसारखा पाक होत नाही. शिवाय २०२३ मध्ये त्याच्या आणि हृदयविकाराच्या संबंधाबद्दल संशोधकांनी शंका घेतली. म्हणून गटाने ठरवले की नकली गोडी नकोच. थोडा गूळ घालायचा आणि घातला असे लिहायचे.

त्यांची रीत साधी आहे. किलोला ६०० ग्रॅम शेंगदाणे, २०० ग्रॅम तीळ, १०० ग्रॅम जवस, १०० ग्रॅम गूळ. दाणा मंद आचेवर खरपूस भाजायचा, काळवंडलेला किंवा बुरशीचा वास येणारा एकेक दाणा निवडून फेकायचा. ही निवड कंटाळवाणी आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण बुरशीचे विष भाजून जात नाही. दाणा कोमट असतानाच वाटला की त्याला तेल सुटते, त्या तेलावर लाडू वळतो. पाक लागत नाही, तूप लागत नाही. जवस लवकर खवट होते, म्हणून डबा घट्ट हवा आणि पंधरा दिवसांत संपवायचा. २५ ग्रॅमच्या एका लाडवात सहा ते सात ग्रॅम कर्बोदके येतात. बाजारच्या ४० ग्रॅमच्या बेसनलाडवात वीसेक ग्रॅम असतात. पण लाडवात सव्वाशे-दीडशे कॅलरी आहेत, तो काही औषध नाही, आणि दोनावर तिसरा खाऊ नये, हेही त्या विकताना सांगतात. पहिल्या आठवड्यात एका काकांनी सांगितले की रोज एक खाल्ला आणि गोळी बंद केली. दोघी जणी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या आणि गोळी पुन्हा सुरू करायला लावून आल्या.

कायदाही हेच सांगतो. 'शुगर फ्री' लिहायचे तर २०१८ च्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असता कामा नये. मधुमेह बरा होतो असा दावा कुठल्याही खाद्यपदार्थावर करता येत नाही. पण मला कायद्याच्या आधी धम्म आठवतो. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. बुद्धाने उपासकांना जे धंदे वर्ज्य सांगितले त्यात विषाचा धंदा आहे. मधुमेही माणसाला खजुराचा गोळा 'शुगर फ्री' म्हणून देणे हा विषाचाच धंदा आहे, मग तो कुणाच्याही जातीच्या माणसाने केलेला असो. आपल्या माणसाने केला म्हणून तो उद्योजकता ठरत नाही.

आता इथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. त्या दुकानदाराला कोरा डबा का हवा होता? एकदा डबा कोरा झाला की त्यावर काहीही लिहिता येते. आपले नाव जाऊन तिथे 'सात्विक' येते, आणि त्याच हाताने 'शुगर फ्री' ही येते. तो तेही लिहिणारच होता. गुळाचे सांगितल्यावर म्हणाला, इतके कोण बघते. बनवणाऱ्याचे नाव पुसले की बनवणाऱ्याचा शब्दही पुसला जातो. उद्या कुणाची शुगर ४०० वर गेली तर जबाब द्यायला नाव कुणाचे?

'पोट आधी' म्हणणाऱ्यांसाठी हिशेब मांडते, कारण तो त्यांनी केलेला नाही. किलोला सामान साधारण १५० रुपये, गॅस आणि डबा धरून १८० पर्यंत जाते. ३० किलो कोरे डबे २४० ने दिले तर किलोमागे ६० रुपये सुटतात, महिन्याला १८००. तोच लाडू दहा रुपयाला एक, म्हणजे ४०० रुपये किलोने स्वतः विकला तर किलोमागे २२० सुटतात. फक्त १० किलो विकले तरी २२०० होतात. एक तृतीयांश मेहनत आणि पैसा जास्त. दोन्ही रकमा आठ जणींत वाटल्या तर कुणाचे घर चालणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. पण नाव विकून पोट भरते, हे तरी खरे आहे का? इथे तर नावही जाते आणि पोटही भरत नाही. किलोमागचे ३६० रुपये 'सात्विक' या शब्दाचे आहेत, ते दुकानदाराच्या गल्ल्यात जातात.

दुसऱ्या टोकाला 'नोकरी देणारे व्हा' वाले आहेत. त्यांच्या व्यासपीठावर कोटींची उलाढाल करणाऱ्यांचा सत्कार होतो, तो व्हावा. पण योजनांची यादी वाचून दाखवली की समाज उद्योजक होतो या भ्रमातून बाहेर या. २०१६ ची स्टँड अप इंडिया दहा लाखांच्या खाली कर्जच देत नव्हती. कढई आणि मिक्सर मागणाऱ्या बाईने तिथे काय करायचे? सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या २०२० च्या योजनेत बचत गटाच्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे. ही कामाची गोष्ट आहे, आणि ती वस्तीत कुणी येऊन सांगितली नव्हती. २०१२ पासून केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यायचा आहे. कार्यकर्त्यांनी याची माहिती मागितली, पाठपुरावा केला, तर शंभर सत्कारांपेक्षा जास्त काम होईल. आणि धंदा कुणाच्या मालकीचा हा प्रश्न तर राहतोच. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे एकत्र सांगितले होते. उद्या यातल्या एखादीने गट मोडून कंपनी काढली आणि उरलेल्या सात जणींना रोजंदारीवर ठेवले, तर मी त्याच ग्रुपवर त्याविरुद्धही लिहीन.

चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये 'दलित फूड्स' या नावानेच लोणची-मसाले बाजारात आणले, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण हसले. जात विकतो म्हणाले. त्यांच्या अर्थशास्त्राशी माझे पटत नाही. भांडवल जात मोडेल असे त्यांना वाटते, मला वाटत नाही. पण त्या नावात एक सरळपणा होता: हे आमच्या हातचे आहे, घ्यायचे तर घ्या. असा उघड सवाल आपल्यातल्या किती जणांनी बाजाराला केला?

गंगारामच्या हॉटेलात चहा प्यायला राजा आला होता. आज राजा नाही, आणि नको. मग त्या खुर्चीवर बसायचे कुणी? मी थेट सांगते, आपल्या नोकरदार वर्गाने. नागपुरात बँकांत, रेल्वेत, महावितरणात, शाळा-कॉलेजांत, वकिलीत, डॉक्टरीत आपली माणसे हजारोंनी आहेत. त्यांच्या घरी दिवाळीला नाही तरी मुलाच्या वाढदिवसाला, वास्तूला, लग्नाला मिठाई येतेच, आणि ती सीताबर्डी-धरमपेठेतून येते. तीच माणसे विहारात या बायांना भेटली की 'छान उपक्रम' म्हणतात, एक लाडू चाखतात आणि दहा रुपयाला महाग म्हणतात. दुकानात ६०० रुपये किलोच्या पाकिटाशी मात्र कुणी घासाघीस करत नाही. बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला मागितला होता. इथे तर कुणी दान मागतच नाही. तुमच्या गोडाच्या खर्चातला थोडा भाग आपल्या माणसांकडून विकत घ्या, एवढेच मागणे आहे. कीव म्हणून घेऊ नका. लाडू खवट निघाला तर परत करा, तोंडावर सांगा, पैसे परत घ्या.

आणि फक्त आपल्यातच विकायचे असे नाही. सवर्ण गिऱ्हाइकाला डबा बंद नाही. नाव वाचून ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे. आतापर्यंत तशी अकरा घरे मिळाली आहेत, त्यात एक निवृत्त जोशी काका आहेत जे दर पंधरवड्याला स्वतः वस्तीत येऊन डबा नेतात. दुकानदार ज्या गिऱ्हाइकाच्या नावाने घाबरत होता त्यातले काही जण त्याच्यापेक्षा बरे निघाले.

गटाने गेल्या रविवारी विहारात बसून कोऱ्या डब्यांची ऑर्डर नाकारली. आठांतल्या दोघी विरोधात होत्या. त्यांच्या घरी सध्या दुसरी कमाई नाही, त्यांचा विरोध चुकीचा म्हणायची माझी हिंमत नाही. म्हणून ठरले की पहिले तीन महिने नफ्यातला मोठा वाटा त्या दोघींना जाईल. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर एक टेबल लावायचे आहे. त्यासाठी दोन दिवस उभे राहू शकतील असे चार तरुण हवे आहेत, आणि ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांनी आधी नाव नोंदवावे. लेबल छापायला गेले आहे. वर रमाईच्या नावाचा गट, खाली आठही जणींची पूर्ण नावे आडनावांसह, वस्तीचा पत्ता, नोंदणी क्रमांक, तयार केल्याची तारीख. त्याखाली: शेंगदाणे, तीळ, जवस, गूळ. एका लाडवात गूळ अडीच ग्रॅम. मधुमेह असल्यास दिवसाला एक, आणि डॉक्टरांची गोळी चालू ठेवावी.

जय भीम.